चकती, काठी आणि कॉलेजची पोरं

भिवंडीच्या मासळी बाजारात सकाळी बर्फाची लादी उतरते, ती एकदा थांबून बघा. गोणपाट बाजूला होतं, लादी हातगाडीवरून खाली येते आणि लादीवाला पोरगा तिला हातही लावत नाही. ओल्या फरशीवर टाचेनं एक धक्का देतो. दोघांना उचलवणार नाही असं ते धूड सरसर जातं आणि मावशीच्या पाटीपाशी जाऊन थांबतं. पोरगा तोवर दुसऱ्या लादीकडं वळलेला असतो.

बर्फ असा सरकतो याचं कारण त्याच्या वरच्या पापुद्र्यात आहे. आतल्या कणांना चहूबाजूंनी शेजारी असतात, वरच्या कणांना वरून धरायला कुणीच नसतं. म्हणून पाणी गोठतं त्याच्याही खालच्या तापमानाला बर्फाच्या अंगावर पाण्यासारखा एक अतिपातळ थर टिकून राहतो. मायकेल फॅरडेनं ही कल्पना १८५० मध्येच मांडली होती. त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या थरावर एक अख्खा खेळ धावतो, आइस हॉकी.

आमचा तालुका वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांचा. जानेवारीत फार तर पहाटे स्वेटर लागतो. तरी या खेळातल्या कॉलेजच्या पोरापोरींच्या सुरुवातीच्या गोष्टी वाचायला लागलो आणि गुंतत गेलो. त्या भिवंडीच्या वाचकाला सांगाव्यात असं फार दिवस मनात होतं.

एफ. वाय.चा पोरगा, देशातला पहिला

मॅकलिन सेलेब्रिनी. जन्म १३ जून २००६, कॅनडातल्या व्हँकुव्हरकडचा. २०२३ च्या जूनमध्ये तो सतरा वर्षांचा झाला. आपल्याकडं बारावीचा निकाल हातात घेऊन एफ. वाय.च्या प्रवेशाच्या रांगेत उभं राहायचे तेच दिवस. मॅकलिननं प्रवेश घेतला तो अमेरिकेतल्या बॉस्टन युनिव्हर्सिटीत. त्या मोसमात अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेज हॉकीत तो वयानं सगळ्यांत लहान होता. समोर बावीस-तेवीस वर्षांचे दाढीवाले गडी.

३८ सामन्यांत त्यानं ३२ गोल केले आणि ३२ गोलांना हातभार लावला. म्हणजे ६४ गुण. हे गणित मला फार आवडतं. या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण आणि त्याच्या आधी चकती पुढं देणाऱ्यालाही तेवढाच एक गुण. शेवटचा पास देणारा आणि त्याच्या आधीचा पास देणारा, दोघांचीही नोंद होते. पास देणाऱ्याची एवढी कदर करणारं गुणपत्रक मी दुसऱ्या फारशा खेळांत पाहिलेलं नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये त्याला कॉलेज हॉकीतला सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारा तो आजवरचा सर्वांत तरुण खेळाडू. पहिल्याच वर्षाच्या विद्यार्थ्यानं तो जिंकावा असं त्याच्याआधी तीनदाच झालं होतं: १९९३ मध्ये पॉल कारिया, २०१५ मध्ये जॅक आयकल, २०२३ मध्ये अ‍ॅडम फँटिली.

त्याच मोसमात बॉस्टनचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि जादा वेळेत डेन्व्हरकडून २-१ असा हरला. पुढं डेन्व्हरनं विजेतेपदही घेतलं, त्यांचं विक्रमी दहावं.

लिलाव नव्हे, पाळी

आयपीएल आणि प्रो कबड्डीमुळं आपल्याला लिलावाची सवय. हातात पाटी, बोली वर, हातोडा खाली. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकीत, म्हणजे एनएचएलमध्ये, नव्या पोरांवर बोली लागत नाही. संघ पाळीपाळीनं खेळाडू निवडतात, आणि पहिल्या पाळीची संधी जास्त कुणाला? गेल्या मोसमात जे तळाला राहिले त्यांना. तळातल्या संघांत चिठ्ठ्या टाकल्या जातात, शेवटच्या क्रमांकाची चिठ्ठी निघण्याची शक्यता सर्वांत मोठी ठेवतात. दुबळ्यानं दुबळंच राहू नये यासाठीची ही सोय.

२०२३-२४ मध्ये सर्वांत तळाला होता सॅन होजे शार्क्स. २८ जून २०२४ ला लास व्हेगासमधल्या ‘स्फिअर’ या प्रचंड गोलाकार सभागृहात त्यांनी पहिलं नाव घेतलं ते मॅकलिनचं. गंमत पुढं आहे. मॅकलिनचे वडील रिक हे गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल संघाचे क्रीडावैद्यक विभागाचे प्रमुख. त्यांच्या नोकरीपायी कुटुंब कॅलिफोर्नियात आलं, तेव्हा शाळकरी मॅकलिन काही काळ सॅन होजे ज्युनिअर शार्क्सकडून खेळला होता. ज्या शहराच्या छोट्या संघाची जर्सी घातली, त्याच शहराचा मोठा संघ त्याला घ्यायला आला.

१० ऑक्टोबर २०२४ ला पहिला सामना, सेंट लुईस ब्लूजविरुद्ध. पदार्पणात एक गोल, एक साहाय्य. शार्क्स मात्र जादा वेळेत ५-४ हरले, आणि त्याच सामन्यानंतर कमरेच्या दुखापतीनं पोरगा बारा सामने बाहेर बसला. परत आला आणि मोसमाअखेर ७० सामन्यांत ६३ गुणांवर पोचला.

सर्वोत्तम नवोदिताच्या काल्डर चषकाच्या शर्यतीत तो अखेरच्या तिघांत होता. चषक मिळाला माँट्रियलच्या लेन हटसनला. हा हटसन कोण? बॉस्टन युनिव्हर्सिटीत एक मोसम त्याच्याच बरोबर खेळलेला सवंगडी. एका कॉलेजच्या एका संघातली दोन पोरं, वर्षभरात देशोदेशीच्या खेळाडूंशी टक्कर देत एकाच चषकासाठी आमनेसामने.

भिसीतलं जेवण, परक्याचं घर

यंत्रमागावर काम करायला तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून भिवंडीत आलेल्या कामगाराला पहिल्या दिवशी दोन गोष्टी लागतात. अंग टाकायला खोली आणि जेवायला भिसी. महिन्याचे पैसे द्यायचे, पाटावर बसायचं, शेजारच्यानं गावाकडचं विचारायचं. भिसीनं या शहरात कित्येकांना पहिलं वर्ष तरून जायला मदत केली.

हॉकीच्या पोरांची भिसी म्हणजे ‘बिलेट’ कुटुंब. पंधरा-सोळाव्या वर्षी पोरगं घर सोडून दूरच्या गावातल्या कुमार संघाकडं जातं. तिथं राहतं कुणाच्या तरी घरी. त्या घरच्या बाई त्याच्या डब्याचं बघतात, घरची लहान मुलं त्याला दादा करून टाकतात. घरच्या नियमांतून सूट नाही: रात्री वेळेवर घरी, स्वतःचं ताट स्वतः उचलायचं.

मॅकलिननंही असंच घर फार लवकर सोडलं. आधी मिनेसोटातल्या शॅटक-सेंट मेरीज या निवासी शाळेत, मग सोळाव्या वर्षी शिकागो स्टील या कुमार संघात. तिथं ५० सामन्यांत ८६ गुण आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू. एनएचएलमध्ये आल्यावर हाती पैसा आला, पण स्वतंत्र फ्लॅट घेऊन तो एकटा राहिला नाही. पहिल्या वर्षी तो राहिला जो थॉर्नटनच्या घरी. थॉर्नटन हा १९९७ साली स्वतः पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला, एनएचएलमध्ये १७१४ सामने खेळलेला गडी. अठरा वर्षांच्या मुलाला घरचा दिवा, स्वयंपाकघरातली वर्दळ, दंगा करणारी मुलं हवी असतात, हे त्या खेळातल्या माणसांना कळलेलं आहे. मला या सगळ्या कहाणीत गोलांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

कबड्डीची बारा मैदानं

भिवंडीच्या आसपासच्या आगरी गावांत कबड्डी रक्तात आहे, तेव्हा हिशेब कबड्डीतच मांडू. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. एनएचएलचं बर्फाचं मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. म्हणजे कबड्डीची साधारण बारा मैदानं एका बर्फावर मावतील. बर्फ मात्र अंगठ्याच्या एका पेराइतकाच जाड, जेमतेम एक इंच. खाली काँक्रीट, काँक्रीटमध्ये थंड द्रावण खेळवणाऱ्या नळ्या. पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत नेतात, मध्ये पांढरा रंग देतात, त्यावर रेघा ओढतात आणि पुन्हा पाणी. आपण टीव्हीवर पाहतो तो शुभ्रपणा रंगाचा असतो.

कबड्डीत चढाई ३० सेकंदांची. इथं एक खेळाडू एका दमात बर्फावर राहतो साधारण ४५ सेकंद. एवढ्यात छाती भात्यासारखी होते. मग तो बाकाकडं येतो, दुसरा कठड्यावरून उडी मारून आत जातो, खेळ चालूच. कबड्डीत सात जण, इथं गोलरक्षक धरून सहा. चूक केली तर बहुतेक वेळा दोन मिनिटं काचेच्या कोपऱ्यात बसायचं आणि संघानं एक गडी कमी घेऊन लढायचं. बाद गडी बाहेर बसल्यावर उरलेल्यांची जी तारांबळ होते, ती आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागणार नाही.

चकती रबराची. तीन इंच व्यास, एक इंच जाडी, वजन साधारण १७० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडी जड. सामन्याआधी ती फ्रीजरमध्ये गोठवून ठेवतात, कारण गार रबर कमी उसळतं. २०१२ च्या एनएचएलच्या कौशल्य स्पर्धेत झेडेनो चारानं मारलेली चकती ताशी १७५ किलोमीटरनं गेली.

आणि भिवंडीकरांनी काठीच्या टोकाकडं जरा निरखून बघावं. तिथं कापडी पट्टी गुंडाळलेली असते. ती खेळाडू स्वतःच्या हातानं गुंडाळतो, बहुधा टाचेकडून टोकाकडं, एकेक वेढा अर्धा झाकत. कापडाच्या वीणीमुळं चकती पात्याला जरा धरून राहते. काठीही आता बर्चच्या नि अ‍ॅशच्या लाकडाची राहिलेली नाही, कार्बनच्या धाग्यांचे थर रेझिननं जोडून ती घडवतात. इतक्या थंड देशांतला खेळ, पण हातात शेवटी धागाच.

लादीवाल्यानं केलेलं यंत्र

मघाच्या लादीकडं परत येऊ. अमेरिकेत फ्रँक झँबोनी नावाचा माणूस भावाबरोबर लाद्यांचा कारखाना चालवत होता. घरोघर फ्रिज आले, शीतगृहांची तंत्रं सुधारली आणि लाद्यांचा धंदा बसायला लागला. हाताशी बर्फ बनवायची यंत्रसामग्री आणि अक्कल होती. १९४० मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंटमध्ये स्केटिंगचं मैदान उघडलं.

पण स्केट्सच्या पात्यांनी बर्फ ओरबाडला जायचा. तो खरवडायचा, भुगा उचलायचा, धुवायचा, नवं पाणी द्यायचं. तीन-चार माणसं आणि तासाहून जास्त वेळ. फ्रँकनं लष्कराच्या भंगारातले जीपचे भाग जमवले आणि वर्षानुवर्षं जोडतोड करत १९४९ मध्ये एक गाडी उभी केली. एकच माणूस, दहा-पंधरा मिनिटं, बर्फ आरशासारखा. ‘झँबोनी’ हे आज त्या यंत्राचंच नाव झालं आहे. बंद पडलेल्या मागाला जुन्या मागाचा सुटा भाग बसवून पुन्हा चालू करणारे जॉबर भिवंडीत गल्लोगल्ली आहेत. त्यांना फ्रँक झँबोनी लगेच आपला वाटेल.

एक गोष्ट ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. ही गाडी बर्फावर बहुधा गरम पाणी टाकते. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते खालचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होऊन गोठतं. म्हणून बर्फ कठीण आणि काचेसारखा होतो.

हा खेळ वाढवला विद्यार्थ्यांनीच

३ मार्च १८७५. माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकवर छपराखाली पहिला नोंदलेला सामना झाला, एका बाजूला नऊ जण. खेळणाऱ्यांत मॅगिल विद्यापीठाचे विद्यार्थी होते. चेंडू उडून प्रेक्षकांना लागेल या काळजीनं त्यांनी लाकडाची चपटी चकती वापरली. चकतीचा जन्म असा प्रेक्षकांच्या काळजीतून झाला. दोनच वर्षांनी मॅगिलच्या मुलांनी आपला क्लब काढला.

कॉलेजच्या खेळाचं वळण आजही वेगळं आहे. सामने बहुतेक शुक्रवारी-शनिवारी, बाकीचे दिवस वर्ग आणि सराव. चेहऱ्यावर पूर्ण जाळी सक्तीची. एनएचएलमध्ये हातघाईला पाच मिनिटांची शिक्षा. कॉलेजात मारामारी केली की थेट बाहेर आणि पुढचा सामनाही बुडाला.

ज्याच्या नावानं पुरस्कार दिला जातो तो होबी बेकर प्रिन्स्टनचा. जन्म १८९२. लहानपणी रात्रीच्या काळोखात गोठलेल्या तळ्यावर तो सराव करायचा असं सांगतात. चकती डोळ्यांनी न बघता काठीनं ओळखायची सवय त्याला तिथं लागली. सामना संपला की प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाऊन प्रत्येकाशी हात मिळवायचा. पहिल्या महायुद्धात तो वैमानिक झाला, युद्धातून वाचला आणि युद्ध संपल्यावर, घरी परतण्याचा हुकूम हातात आलेला असताना, २१ डिसेंबर १९१८ ला फ्रान्समध्ये विमान कोसळून गेला. वय २६. पहिला होबी बेकर पुरस्कार १९८१ मध्ये मिनेसोटाच्या नील ब्रॉटनला मिळाला.

हा ब्रॉटन आधीच इतिहासात जाऊन बसला होता. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनं कॉलेजच्या पोरांचा संघ उतरवला, त्यात तो होता. सोव्हिएत संघ म्हणजे लागोपाठ चार ऑलिंपिक सुवर्णं घेतलेला डोंगर. ऑलिंपिकच्या तोंडावर, ९ फेब्रुवारीला, त्यानं या पोरांना न्यूयॉर्कमध्ये १०-३ असं धुतलं होतं. २२ फेब्रुवारीला पोरांनी त्याच संघाला ४-३ हरवलं. निर्णायक गोल कर्णधार माइक इरुझियोनीचा, तो बॉस्टन युनिव्हर्सिटीचा. गोलरक्षक जिम क्रेग, तोही तिथलाच. पुष्कळांना वाटतं की त्या सामन्यात सुवर्ण मिळालं. नाही. त्यासाठी दोन दिवसांनी फिनलंडला ४-२ हरवावं लागलं, तेही पिछाडीवरून. प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स स्वतः १९६० च्या सुवर्णविजेत्या संघातून अगदी शेवटच्या क्षणी वगळला गेला होता. वीस वर्षं ती सल घेऊन तो जगला आणि मग दुसऱ्यांच्या मुलांना सुवर्णापर्यंत नेलं.

वकिलीचा अभ्यास आणि गोलजाळी

केन ड्रायडनची गोष्ट आपल्याकडच्या आईवडिलांनी जरूर वाचावी. कॉर्नेल विद्यापीठाचा गोलरक्षक, शिकून मग माँट्रियल कॅनेडियन्सकडं गेला. १९७१ च्या मोसमाच्या शेवटी त्याला फक्त सहा साखळी सामने मिळाले. तेवढ्यावर संघानं बाद फेरीत त्यालाच उभं केलं. संघानं एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप जिंकला आणि बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान ड्रायडनला मिळाला. सर्वोत्तम नवोदिताचा चषक त्याला मिळाला त्याच्या पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये! सहाच सामने खेळल्यामुळं नियमानं तो तेव्हाही नवोदितच होता.

हे सगळं करताना तो मॅगिलमध्ये कायद्याचं शिक्षण घेत होता. १९७३-७४ चा पूर्ण मोसम त्यानं हॉकी सोडून टोरांटोत वकिलीची उमेदवारी केली. परत आला आणि एकूण सहा स्टॅनली कप घेऊन निवृत्त झाला. पुढं लेखक झाला, खासदार झाला, कॅनडाचा मंत्री झाला. “खेळ की अभ्यास?” हा आपल्या घराघरातला प्रश्न त्यानं दोन्ही हातांनी सोडवला.

मासे, कोंबडी आणि टिक्की

कॉर्नेल आणि हार्वर्डचं हाडवैर. १९७३ मध्ये कॉर्नेलच्या शेतकी कॉलेजवरून चिडवायला हार्वर्डच्या समर्थकानं बर्फावर कोंबडी टाकली. उत्तरादाखल कॉर्नेलकरांनी बॉस्टनच्या मासेमारीची आठवण करून देत मासे आणले. आजही हार्वर्डचा संघ कॉर्नेलच्या गावी, इथाकाला, खेळायला गेला की बर्फावर मासे पडतात, साफसफाई होते, मग सामना.

कॅनडात २००८ पासून या खेळाचं पंजाबीतून धावतं वर्णन होतं. समालोचक चकतीला ‘टिक्की’ म्हणतात, आलू टिक्कीतली. रॉबिन बावा १९८९ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून खेळला तो एनएचएलमधला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. मराठीत वर्णन झालंच तर आपल्याकडं ‘चकती’ तयार आहेच.

मुलींसाठी कॉलेजनंतरची वाट आता कुठं रुंद झाली. त्यांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, १ जानेवारी २०२४ ला टोरांटोत सुरू झाली. त्याच वर्षीच्या निवडीत पहिलं नाव होतं प्रिन्स्टनच्या सारा फिलियरचं.

आणि आपला बर्फ

भारतात हा खेळ खरा रुजला तो लडाखमध्ये. लेहमध्ये हिवाळ्यात रात्री उघड्या मैदानावर नळीनं पाणी सोडतात. पहाटेपर्यंत ते गोठतं. दुसऱ्या रात्री पुन्हा एक थर. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, जेमतेम दोन महिने, तोवर ऊन चढतं आणि मैदानाचं पुन्हा पाणी होतं. सुरुवातीच्या काळात लष्करी बुटांच्या तळाला लोखंडी पाती ठोकून स्केट्स केले जात.

या दोन महिन्यांच्या बर्फावर आपल्या मुलींचा राष्ट्रीय संघ घडला. २०१६ मध्ये तैपेईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जायला लोकवर्गणी काढावी लागली. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सविरुद्ध ४-३ असा पहिला विजय. आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक. वाळवंटातल्या शहरात, आपल्या मुलींनी, बर्फावर. ही बातमी वाचली तेव्हा मी ती घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली होती.

मॅकलिनच्या गुणांइतकीच गुणवत्ता या मुलींतही असेल, पण त्याला बारा महिने बर्फ मिळाला आणि यांना दोन. सुरुवातीची वर्षं घडतात ती पायाखालच्या तासांनी.

तर मग भिवंडीत काय?

बर्फ नको. मिनेसोटाच्या स्कॉट ओल्सन या तरुण हॉकीपटूला उन्हाळ्यात सराव करायचा होता, म्हणून १९८० च्या सुमारास त्यानं एका रांगेत चाकं असलेले स्केट्स सुधारून विकायला सुरुवात केली. आजचे इनलाइन स्केट्स घराघरांत पोचले ते तिथून. काठी तीच, डाव तेच, वळणं तीच. फक्त फरशी हवी, गुळगुळीत आणि कोरडी. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, तरी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत आपल्या राज्याच्या स्केटर्सनी आइस स्केटिंगची सुवर्णपदकं आणलेली आहेत.

आता माणकोली, दापोडा, पूर्णा, काल्हेर डोळ्यांसमोर आणा. फोर्कलिफ्ट अलगद फिरावी म्हणून घोटून घोटून गुळगुळीत केलेल्या काँक्रीटच्या फरशा, वर उंच छप्पर, पावसाळ्यातही आत थेंब नाही. बाहेर जून ते सप्टेंबर आपल्या पोरांची मैदानं चिखलात असतात. देशभरातल्या घरांत जाणारा माल या तालुक्यातून जातो, त्यात स्केट्सची खोकीही असतात.

गोदाममालकांनो, दोन भाडेकरूंच्या मध्ये तुमचा एखादा गाळा महिना-दोन महिने रिकामा राहतो. त्यातली एक संध्याकाळ, आठवड्यातून एकच, जवळच्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या क्रीडाशिक्षकाला द्या. चार बाजूंना जुने टायर लावा, दोन जाळ्या उभ्या करा, पोरांच्या डोक्यावर हेल्मेट आहे एवढं बघा. चकती मी आणतो.